कसारा : थांब्यांवर जगलेले गाव आणि घाटाखालून गेलेला बोगदा

थळघाट (धागाकर्ता) :

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. इगतपुरीजवळच्या पिंप्री सदोपासून शहापूर तालुक्यातील वाशाळ्यापर्यंत डोंगराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा गेला आहे. ज्या घाटात एखाद्या अवजड वाहनामागे अडकले की अर्धा-पाऊण तास सहज मोडत असे, तो डोंगर आता आठ-दहा मिनिटांत पार होतो. वर्तमानपत्रांनी या सोयीविषयी भरभरून लिहिले आणि ते योग्यच होते. परंतु ज्या गावाच्या नावाने तो घाट ओळखला जातो, त्या कसाऱ्याचे पुढे काय, याविषयी फारसे वाचावयास मिळाले नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी कसारा केवळ लोकलच्या पाटीवर वाचला आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. ठाणे जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, शहापूर तालुक्यात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १२१ किलोमीटरवर मध्य रेल्वेची उपनगरी सेवा जिथे संपते ते हे गाव. लोकल इथेच संपते याला कारण गावामागे उभा असलेला सह्याद्री आहे. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत रुळाने सुमारे सोळा किलोमीटर अंतर आहे आणि तेवढ्यात गाडीला सुमारे तीनशे मीटर उंची गाठावी लागते. खाली ठाणे जिल्हा, वर नाशिक जिल्हा. एकीकडे कोकणची उष्ण, दमट हवा आणि दुसरीकडे देशावरचा वारा.

ही वाट जुनी आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून नाशिककडे जाणारा माल थळ घाटानेच, म्हणजे याच कसारा घाटाने, चढत असे. वाटेवर नजर ठेवण्यासाठी बळवंतगड आणि वरच्या अंगाला त्रिंगलवाडी हे किल्ले उभे राहिले. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ घालून वर जात आणि धान्य घेऊन खाली येत. पण आजचे कसारा घडले ते रेल्वेमुळे. आसनगाव ते कसारा हा लोहमार्ग १ जानेवारी १८६१ रोजी सुरू झाला आणि कसारा ते इगतपुरी हा घाटातला मार्ग सुरू होण्यास १ जानेवारी १८६५ उजाडले. घाटमाथ्यावर इगतपुरीहून नाशिकच्या बाजूची गाडी मात्र १८६१ मध्येच धावू लागली होती. म्हणजे चार वर्षे रूळ खाली कसाऱ्यात संपत होते, वर इगतपुरीत पुन्हा सुरू होत होते आणि मधला डोंगर माणसांनी व मालाने रस्त्याने ओलांडायचा होता. नेमकी हीच वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आल्याची. खानदेशाकडच्या कापसाचे गठ्ठे वर उतरायचे, बैलगाड्यांत चढायचे, खाली कसाऱ्यात पुन्हा वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, भरायचे. गाडीवान, हमाल, बैलांच्या चाऱ्याची सोय करणारे आणि रात्रीच्या मुक्कामाला भाकरी देणारे या सर्वांना लागणारे गाव त्या अडणुकीतूनच आकाराला आले, असे माझे मत आहे.

तेव्हापासून आजतागायत कसाऱ्याला पोसले ते घाटाने नव्हे, घाटापायी घडणाऱ्या थांब्याने. आगगाडीला मागे इंजिने जोडण्यासाठी थांबावे लागे, मालमोटारीला चढापूर्वी पाणी भरण्यासाठी किंवा उतारानंतर तापलेले ब्रेक गार करण्यासाठी थांबावे लागे आणि नाशिकच्या प्रवाशाला लोकल सोडून जीपमध्ये बसण्यासाठी थांबावे लागे. ज्या ज्या सुधारणेने घाट सुकर झाला तिने यांपैकी एकेक थांबा खाल्ला. बोगदा हा त्या मालिकेतला सर्वांत मोठा घास आहे. जाणकारांनी यात भर घालावी. मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडावेत.

मागचे_इंजिन :

रेल्वेच्या थांब्याविषयी मी सांगू शकतो, कारण नोकरीचा मोठा काळ याच विभागात गेला. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाची हद्द इगतपुरीला संपते, त्यामुळे घाट आमच्याकडे आणि पलीकडचा सपाट मार्ग भुसावळ विभागाकडे, अशी वाटणी आहे.

थळ घाटाचा सर्वांत तीव्र चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर चढलेली असते. रस्त्यावर हा चढ कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा हा फार मोठा चढ ठरतो आणि पावसात रूळ ओले असले की चाक जागच्या जागी घसरते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. सर्व इंजिने पुढे का लावत नाहीत, असे अनेक जण विचारतात. पुढूनच सगळा ओढा दिला तर पहिल्या डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताण येऊन ते तुटण्याचा धोका असतो. मागून रेटा दिला की ताण वाटला जातो, आणि मध्ये कुठे कपलिंग तुटलेच तर मागची गाडी उताराने परत घरंगळण्यापूर्वी तिला अडवायला इंजिने हजर असतात. पूर्वी पुढच्या आणि मागच्या चालकांचे बोलणे केवळ शिट्ट्यांच्या ठरलेल्या खुणांनी चाले. वॉकीटॉकी नंतर आले. रात्री गावात झोपलेल्या माणसालाही शिट्टी ऐकून गाडी निघाली की अडली ते कळत असे.

उतरताना आणखी निराळी व्यवस्था आहे. घाटात कॅच सायडिंग म्हणून बाजूला डोंगरावर चढत जाणारे रूळ टाकलेले आहेत आणि सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, नेहमी त्यांच्याकडेच वळवलेले असतात. उतरणाऱ्या गाडीने तिथे थांबून किंवा ठरलेल्या मंद गतीने येऊन आपण ताब्यात असल्याचे दाखवले की मगच सांधा बदलून तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप त्या चढावर जाते आणि थांबते. बाहेरच्यांना वाटते की घाटात गाडी उगाच रखडली. प्रत्यक्षात त्या क्षणी तिची परीक्षा चाललेली असते.

आता धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सुरुवातीच्या मार्गावर गाडीची दिशा उलटी करून चढण्यासाठी एक उलट स्थानक होते, ते १९१८ मध्ये गेले. १९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी विद्युतीकरण झाले आणि वाफेच्या इंजिनांबरोबर त्यांचे कोळसा-पाणी गेले. त्यांच्या जागी स्वित्झर्लंडमध्ये आराखडा झालेली लांब नाकाडांची इंजिने आली, ज्यांना सगळे खेकडा म्हणत. तरीही बँकर जोडण्याचा कसाऱ्याचा थांबा टिकून राहिला. त्याला पहिला खरा धक्का बसला तो अलीकडे. १९ जानेवारी २०१९ रोजी मुंबईहून हजरत निजामुद्दीनला जाणारी राजधानी सुरू झाली आणि पुढे दोन्ही टोकांना इंजिन लावून ती बँकरविना घाट चढू लागली. त्यानंतर १० फेब्रुवारी २०२३ रोजी साईनगर शिर्डीची वंदे भारत सुरू झाली. तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी असल्यामुळे तिला मागच्या इंजिनाची गरजच नाही. इतर मेल-एक्सप्रेस गाड्या अजून थांबतात, परंतु कल कोणत्या दिशेला आहे ते उघड आहे.

घाटनदेवी :

मी वरच्या अंगाचा, इगतपुरीचा. आमच्याकडे हे आधीच घडून गेले आहे, ही भर घालतो. इगतपुरीपर्यंत पंधराशे व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि पुढे पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह अशी रचना होती, त्यामुळे अनेक गाड्यांचे इंजिन इथे बदलावे लागे आणि तेवढा वेळ सगळी गाडी फलाटावर उतरत असे. २००६ मध्ये घाटातला प्रवाह बदलला आणि इंजिन बदलण्याची गरज संपली. आज थांबा आहे, पण तो बँकर सोडवण्यापुरता. फलाटावर वडे तळणाऱ्या माणसाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही. घाणा निम्मा झाला, त्यावरून त्याला कळले.

मात्र इगतपुरी तरली. पाऊस, धुके, विपश्यना केंद्र, शनिवार-रविवारचे पर्यटक आणि बंगल्यांच्या जमिनींचे सौदे यांनी गावाला दुसरा धंदा दिला. तो धंदा स्थानिकांच्या हाती किती आहे हा वेगळा विषय आहे. कसाऱ्याला असा दुसरा धंदा कोणता, हा प्रश्न मला धागाकर्त्यांच्या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा वाटतो.

लतिफवाडी_नाका :

सर्वांबद्दल आदर राखून एक विरोधी मत नोंदवतो. थांबे गेल्याचे दुःख करताना घाटातून जाणाऱ्या वाहतुकीने या परिसराकडून काय घेतले तेही लिहायला हवे.

आम्ही घाटाच्या पायथ्याशी राहतो. मुंबई-आग्रा रस्ता, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, आमच्या दारातून जातो. वर जुना घाट आणि नवा घाट असे दोन रस्ते आहेत आणि नव्या घाटातल्या एका वळणाला लोकांनीच ब्रेक फेल पॉइंट असे नाव पाडले आहे. एवढ्या एका नावावरून बाकीचे समजावे. कांद्याची, द्राक्षांची, लोखंडी सळ्यांची मालमोटार उतारावर ताबा सुटून उलटली की पोलीस आणि रुग्णवाहिका येण्यापूर्वी दोर आणि विजेऱ्या घेऊन दरीत उतरणारी मुले याच वाड्यांतली असतात. केबिनमध्ये अडकलेला चालक बाहेर काढण्यासाठी पहार कुठे लावावी, जखमीची मान कशी धरावी, डिझेल सांडले असेल तर कुणाला विडी पेटवू द्यायची नाही, हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय येते, कारण वडीलधाऱ्यांबरोबर हे काम करतच ती मोठी झाली. जखमीला घेऊन खाली शहापूरकडे धावायचे की वर नाशिककडे, हा निर्णयही बहुतेक वेळा तीच मुले घेतात.

बोगद्यामुळे घाटातल्या मोटारगाड्या कमी झाल्या याचे मला दुःख नाही. हॉटेलांचा गल्ला कमी झाला हे खरे आहे. परंतु त्या हॉटेलांतली मोठी हॉटेले कुणाची होती आणि तिथे आमच्या वाडीची माणसे कोणत्या कामावर होती, हेही एकदा पाहावे. बहुतेक जण भांडी घासण्याच्या आणि लाकडे फोडण्याच्या कामावर होते.

थळघाट (धागाकर्ता) :

लतिफवाडी_नाका, आपला मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता, एवढेच नव्हे तर तो पहिल्या परिच्छेदात शोभला असता. तरी एक शंका विचारतो. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकींना प्रवेश नाही. टोल वाचवणारे मालवाहू चालकही जुन्याच वाटेने येतात असे दिसते. म्हणजे जे थांबून खात-पीत होते ते मोटारवाले बोगद्यात गेले आणि जे धोकादायक होते ते अवजड वाहन बऱ्याच अंशी घाटातच राहिले, असे तर झाले नाही ना?

लतिफवाडी_नाका :

काही प्रमाणात तसेच झाले आहे. शनिवारी-रविवारी फरक लख्ख दिसतो, कारण तेव्हाची गर्दी मोटारींचीच असे. रात्रीच्या मालमोटारींची रांग अजून आहे. चालक आजही घाटातल्या घाटनदेवीच्या देवळापुढे वेग कमी करून नाणे टाकतो, हात जोडतो आणि मग उताराला लागतो. पंक्चरवाला, टायरवाला आणि स्प्रिंगपट्ट्या बसवणारा लोहार यांच्या धंद्याला म्हणूनच अजून धग लागलेली नाही. ती लागली आहे थंड पेये, मिसळ आणि आइस्क्रीम विकणाऱ्यांना.

रानमेवा :

इथे अजून बायकांचे कुणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांत ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली वस्ती आहे. त्यांच्या दृष्टीने हे गाव महामार्गावरचे हॉटेल नसून बाजार आणि लोकल आहे. उन्हाळ्याच्या शेवटी करवंदे आणि जांभळे, पावसाच्या तोंडावर शेवळे, पुढे कुर्डू, लोत, कंटोळी, असा रानातला माल टोपलीत घालून बायका मैलोगणती चालत स्थानकावर येतात आणि पहाटेच्या गाडीने आसनगाव, टिटवाळा, कल्याणच्या बाजाराला जातात. करवंदांचे द्रोण पळसाच्या पानांचे असतात आणि ते गाडीतच, दोन स्थानकांच्या दरम्यान, गवताच्या काडीने टाचले जातात. शेवळ्यांच्या जुडीबरोबर मूठभर काकडे, म्हणजे आंबट रानफळे, द्यावीच लागतात, नाही तर भाजी घशाला खाजते. जी बाई काकडे देत नाही तिच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. मेल गाडीला मागचे इंजिन जोडेपर्यंत खिडकीतून विकलेले चार द्रोण ही वरकड कमाई होती. ती गेली तर वाईट वाटेल, पण चूल त्यावर चालत नव्हती. चूल चालते ती लोकलवर आणि लोकल घाटामुळे इथेच संपते, म्हणून तिला बसायला जागा मिळते. हा एक थांबा कुठल्याही बोगद्याने नेलेला नाही.

त्या लोकलची अवस्था मात्र पाहा. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरूनच उत्तर भारताकडच्या मेल, एक्सप्रेस, मालगाड्या व लोकल धावतात. सुमारे ६७ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. एखादी मालगाडी खर्डीला किंवा उंबरमाळीला अडली की मागची लोकल उभी राहते आणि टोपलीतली भाजी सुकते. जुलै २०२१ च्या पुरात उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाला टेकले, घाटात दरडी आल्या, तेव्हा या पट्ट्यातल्या हातावर पोट असलेल्या प्रत्येक घराची मिळकत बंद होती. बातम्या मात्र अडकलेल्या लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या आल्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आमच्याच आसपास आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि एप्रिल-मे आला की कसाऱ्याच्या वरच्या पाड्यांना टँकर लागतो, विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावे लागते. रस्ता, रूळ, वीज आणि पाणी या सगळ्यांच्या वाटा आमच्या अंगणातून जातात आणि त्यांतले काहीही आमच्या अंगणात उतरत नाही. थांबा गेल्याचे दुःख व्यक्त करणाऱ्यांनी हेही धाग्यात लिहून ठेवावे.

उंबरमाळी_फलाट :

रानमेवा ताईंच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि शाळेच्या पटावरची मुले दिसेनाशी होतात, हेही त्यात जोडावे.

पळसदरी :

मी बोर घाटाकडचा असल्यामुळे तुलनेसाठी खोपोलीचे उदाहरण देतो. १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत रेल्वे आली तेव्हा बोर घाट चढण्यापूर्वीचे शेवटचे स्थानक म्हणून खोपोलीला मोठे महत्त्व होते. पुढे घाट चढणारा मुख्य मार्ग कर्जतवरून गेला आणि खोपोली ही फाट्यावरची शाखा झाली. तरी खोपोली मागे पडली नाही, कारण टाटांचे जलविद्युत केंद्र आणि त्यामागून कारखाने आले. द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरची गर्दी ओसरली, तेव्हाही गावाला तग धरता आला तो याच कारखान्यांच्या बळावर. यावरून मला असे वाटते की घाटाखालच्या गावाचे भवितव्य वाहतूक किती राहिली यापेक्षा ती असताना गावात दुसरे काय रुजले यावर ठरते. कसाऱ्यात दीडशे वर्षांत रेल्वेच्या चाळी सोडल्यास काहीच रुजले नाही. कारखाने आले ते आसनगाव-वासिंदपर्यंत आणि तिथेच थबकले.

मागचे_इंजिन :

पळसदरी यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. परंतु यात भूगोलाचाही हात आहे. कसाऱ्याला सपाट जागाच फार थोडी आहे. जी होती ती रेल्वेने घेतली. इंजिने उभी करण्याच्या मार्गिका, कर्मचाऱ्यांच्या चाळी आणि गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीची रनिंग रूम यांतून उरलेल्या पट्टीत महामार्ग आणि बाजार आहे. शिवाय वनजमीन. कारखाना येता तर कुठे आला असता?

वाशाळा_फाटा :

भूसंपादनाची बाजू मांडतो. समृद्धीसाठी आमच्या बाजूची जमीन थेट खरेदीने घेतली गेली आणि ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना चालू दराच्या काही पट रक्कम मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. काहींनी घरे बांधली, काहींनी गाडी घेऊन ती भाड्याने लावली, काहींचे पैसे दोन लग्नांत संपले. पण जे पिढ्यान्‌पिढ्या दळी जमिनी, म्हणजे डोंगरउतारावरचे वनजमिनीचे तुकडे, कसत होते आणि ज्यांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हते, त्यांच्या हाती फारसे काही आले नाही. बांधकामाच्या वर्षांत काम मिळाले, खाणावळी चालल्या, खोल्या भाड्याने गेल्या, डंपरवर पोरे लागली. ते सारे बोगदा पूर्ण होताच आटोपले.

आणि १ ऑगस्ट २०२३ ची पहाट विसरता येणार नाही. शहापूर तालुक्यातल्या सरळांबे येथे समृद्धीच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. बहुतेक परप्रांतातून आलेले कामगार आणि अभियंते होते. एकोणिसाव्या शतकात थळ घाटातील बोगदे खोदताना पटकीने आणि दरडींखाली किती माणसे गेली त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याचे नाव मात्र रेल्वेच्या इतिहासात सन्मानाने येते. घाटातला ऐहेगावचा १८० फुटांहून उंच रेल्वेपूल पाहायला लोक पावसाळ्यात गर्दी करतात. तिथे त्या मजुरांसाठी एखादा साधा फलक तरी असावा, अशी माझी जुनी सूचना आहे, आणि सरळांब्यालाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. इगतपुरीनंतर समृद्धीवरून उतरण्याची पुढची सोय शहापूरजवळ खुटघरला आहे. बोगद्याचे तोंड आमच्या गावात असले तरी आम्हाला त्या रस्त्यावर चढायचे तर आधी घाट चढून इगतपुरीला किंवा खाली शहापूरपर्यंत जावे लागते. डोळ्यांसमोरून गाड्या सुसाट जातात आणि बाळंतीण मात्र जुन्याच रस्त्याने न्यावी लागते.

घाटनदेवी :

वाशाळा_फाटा यांनी शेवटी जे लिहिले त्यावरून सुचते. रुग्णवाहिकेपुरता का होईना, बोगद्याच्या वाशाळ्याकडच्या तोंडाशी सेवामार्ग उघडून द्यावा, अशी मागणी ग्रामसभांच्या ठरावाने करता येईल. घाटातल्या अपघातग्रस्तांसाठीही त्याचा उपयोग होईल, कारण आज जुना घाट दरडीने बंद पडला की मधल्या वाड्या दोन्ही बाजूंनी तुटतात.

थळघाट (धागाकर्ता) :

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली. रानमेवा ताईंचे म्हणणे मान्य करून माझा मुद्दा थोडा बदलून मांडतो. कसाऱ्याचे थांबे दोन प्रकारचे आहेत. काही थांबे बाहेरच्या माणसाच्या अडचणीमुळे घडत आणि त्यांतून हॉटेलवाला, फेरीवाला, वडेवाला जगत असे. हे थांबे जाणार, आणि ते जाऊ नयेत अशी मागणी करण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्याची गैरसोय हा कुणाचा हक्क होऊ शकत नाही. काही थांबे मात्र गावाचे स्वतःचे आहेत : लोकलचे शेवटचे स्थानक, आठवड्याचा बाजार, खोडाळा-मोखाड्याकडच्या पाड्यांना जोडणारे फाटे आणि स्थानकाबाहेरून नाशिकला सुटणाऱ्या जीपगाड्या. लोकल फलाटाला लागली की नाशिक, नाशिक असा पुकारा सुरू होतो आणि प्रवासी पुरेसे भरेपर्यंत चालक जागचा हलत नाही. लोकलच्या तिकिटात इथवर यायचे आणि उरलेला घाट जीपने चढायचा, हा कमी खर्चाचा हिशेब करणारे विद्यार्थी, मजूर आणि छोटे व्यापारी बोगद्याने कधीच जाणार नाहीत. सार्वजनिक पैसा आणि लक्ष या दुसऱ्या प्रकारच्या थांब्यांवर लागले पाहिजे.

मागचे_इंजिन काका, एक प्रश्न आपल्यासाठी. घाटात अधिक सौम्य चढाची नवी मार्गिका करण्याविषयी बोलले जाते. तसे झाल्यास लोकल इगतपुरीपर्यंत जाईल आणि कसारा मधले स्थानक होईल का?

मागचे_इंजिन :

एकास शंभरच्या आसपास चढ ठेवायचा तर मार्ग पुष्कळ लांबवावा लागेल किंवा लांबच लांब बोगदे खोदावे लागतील, आणि ती चढण खूप अलीकडूनच सुरू करावी लागेल. अशा मार्गिकेला कसारा स्थानकात येण्याचे कारणच उरत नाही. ती गावाला वळसा घालून जाण्याचा संभव अधिक. लोकल इगतपुरीला न्यावी ही मागणी जुनी आहे आणि वरच्या लोकांच्या दृष्टीने न्याय्यही आहे. पण एक ध्यानात ठेवावे, की गाडी इगतपुरीहून भरून आली तर कसाऱ्याच्या टोपलीवाल्या बाईला उभे राहायलाही जागा मिळणार नाही. मालगाड्यांचे म्हणाल तर घाटातल्या सध्याच्या तिन्ही मार्गिका एकास सदतीसच्याच आहेत, तेव्हा तोवर तरी बँकर लागत राहतील आणि त्यांवरची माणसे गावात राहतील.

रानमेवा :

काकांनी लिहिले ते तंतोतंत खरे आहे, म्हणून लोकल वाढवण्याच्या मागणीबरोबर कसाऱ्याहून सुटणाऱ्या काही फेऱ्या कायम ठेवाव्यात आणि सकाळच्या दोन गाड्यांना मालडब्याचे दार टोपल्यांसाठी अधिकृतपणे मोकळे असावे, असेही ठरावात लिहावे लागेल. इगतपुरीकडच्या भावली धरणाचे पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली शहापूरच्या गावपाड्यांना देण्याची योजना आहे, तिची जलवाहिनी कोणत्या पाड्यापर्यंत पोहोचली याचीही विचारणा त्याच ठरावात असू द्या. ग्रामसभेला बायका आणण्याचे काम माझ्याकडे. मसुदा घाटनदेवी आणि वाशाळा_फाटा यांनी करावा आणि तारीख बाजाराच्या दिवसाची धरू नये, त्या दिवशी कुणीही येणार नाही.